जिन्यावरची सभा

दारू सोडायचा पत्ता शोधण्यात मिस्त्रींचा अख्खा आठवडा गेला, आणि त्याला कारण खुद्द मिस्त्रीच. दुसऱ्या कुणावर ढकलता आलं असतं तर त्यांनी आनंदाने ढकललं असतं, तेवढी कला त्यांच्या अंगात होती. पण इथे तशी सोय नव्हती.

मिस्त्री म्हणजे लिफ्टचे मिस्त्री. महिन्यातून एकदा प्रत्येक लिफ्ट तपासायची, दोर बघायचे, ब्रेक बघायचा, दारांच्या खाचांत अडकलेला कचरा काढायचा, आणि सगळ्यात शेवटी लोकांनी लिफ्टच्या डब्यात चिकटवलेले कागद खरवडून टाकायचे. घर भाड्याने देणे आहे, केस गळतात का, मांजर हरवलंय. त्यातच निळ्या अक्षरांचा एक छोटा कागद हमखास असायचा. ‘दारू सोडायची आहे, पण सुटत नाही? आम्हीही तुमच्यासारखेच. भेटा.’ खाली वार आणि पत्ता. तो चिकटवणारा माणूस महाचिवट असावा, कारण डिंक असा की पत्रा निघेल पण कागद निघणार नाही. मिस्त्री पत्र्याची पट्टी घेऊन घासत बसायचे आणि जोडीला असलेल्या मेहुण्याला म्हणायचे, “ह्या लोकांना दुसरे उद्योग नाहीत का रे?” म्हणायचे आणि खिशातली चपटी बाटली जागेवर आहे ना, ते हळूच चाचपून बघायचे.

आता तोच पत्ता हवा होता आणि तो एकाही लिफ्टमध्ये शिल्लक नव्हता. काम इतकं चोख केलं होतं! स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायला लोकांना निदान वाकावं तरी लागतं. मिस्त्रींनी तो उभ्याउभ्या पाडून घेतला होता.

विचारायचं तरी कुणाला? बायकोला विचारण्यात अर्थ नव्हता. तिने बोलणंच कमी केलं होतं, आणि ‘उद्यापासून बंद’ हे तिने इतक्या वेळा ऐकलं होतं की आता ती नुसती मान हलवून भांडी आवरायला उठायची. औषधाच्या दुकानात जाऊन त्यांनी धीर केला. “माझ्या एका मित्राला दारू सोडायचीय,” ते म्हणाले. “अशा लोकांची कुठे काही बैठक वगैरे होते का?” दुकानातल्या बाईंनी त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, “मित्रालाच पाठवा ना. त्याला सांगते.” मिस्त्री डोकेदुखीची गोळी घेऊन परत आले. डोकं दुखत नव्हतं, पण काहीतरी घ्यायला हवं ना.

शेवटी कापडाच्या एका गोदामातली मालाची लिफ्ट आठवली. तिथे गेल्या खेपेला कंटाळा करून ते कागद न काढताच निघून आले होते. आळसाने माणसाचं भलं झाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या तरी ऐकण्यात नाही. कागद होता. फोन नंबर गाठोड्यांनी घासून पुसला गेला होता, पण पत्ता वाचता येत होता. जुन्या वाचनालयाची इमारत, तिसरा मजला, दर मंगळवारी संध्याकाळी.

आता तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं जो माणूस ढोसत होता त्याला एकाएकी ही उपरती कशी झाली? तर गेल्या आठवड्यात जे झालं ते ऐकाच.

मेहुणा आणि मिस्त्री एकाच कंपनीत, एकाच जोडीत. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. मिसरूड फुटायच्या वयात तो हाताखाली आला आणि सगळं काम मिस्त्रींकडेच शिकला. या कामात एकाचा जीव दुसऱ्याच्या हातात असतो. म्हणून यंत्राला हात लावण्याआधी दोघांनी एकमेकांना तोंडाने विचारायचं, “काही घेतलंय का?” दारू असो, झोपेची गोळी असो, नाहीतर खोकल्याचं औषध असो. घेतलं असेल तर त्या दिवशी खाली बसून हत्यारं पुसायची, बस्स. ‘सांगण्यात लाज नाही, लपवण्यात आहे,’ हेही त्याला मिस्त्रींनीच शिकवलं होतं. शिकवायला काय जातं!

त्या दिवशी मेहुण्याने विचारलं. मिस्त्री म्हणाले, “नाही रे बाबा.” गेली कित्येक वर्षं ते हेच म्हणत होते. मग मेहुणा लिफ्टच्या डब्याच्या छतावर चढून दोर तपासायला लागला आणि मिस्त्री सगळ्यात वर मशीन रूममध्ये स्टुलावर बसले. बसले ते पेंगले. थोड्या वेळाने दचकून जागे झाले, काम संपलं असं समजले आणि मेन स्विच वर केला. डबा निघाला, मेहुण्याला डोक्यावर घेऊन, थेट वर. मेहुण्याने छतावरचं लाल बटण दाबलं म्हणून वाचला. त्याचं हेल्मेट वरच्या सिमेंटला घासलं होतं. ओरखडा हेल्मेटवर उठला, डोक्यावर नाही, एवढंच.

तो खाली उतरला. शिव्या दिल्या असत्या, कानफटात मारली असती तर मिस्त्रींना बरं वाटलं असतं. त्याने तसलं काही केलं नाही. “दाजी, मी विचारलं होतं तुम्हाला,” एवढंच म्हणाला. मग हात पुसत पुसत म्हणाला, “ताईला सांगणार नाही. साहेबांनाही नाही. पण पुढच्या आठवड्यापासून दुसरा जोडीदार मागून घेतो. तुमच्या हातात जीव देऊन मी वर चढायचं, आणि पोरांना काय सांगायचं?”

जोडी का बदलली हे साहेब विचारणारच, म्हणजे नोकरीवर गदा येणार हे उघड होतं. पण नोकरीचं मिस्त्रींनी एक वेळ सोसलं असतं. ज्याला आपण वर चढायला शिकवलं, तोच आता आपल्या हाताला भितो, हे मात्र त्यांच्या काळजाला लागलं. दोन रात्री त्यांना झोप आली नाही. पिऊनसुद्धा आली नाही, यावरून काय ते समजा.

तर मंगळवारी सुट्टी टाकून मिस्त्री निघाले. निघताना त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक, हत्यारांची बॅग खांद्याला लावली. चोराच्या मनात चांदणं, वाटेत कुणी ओळखीचं भेटलं आणि ‘इकडे कुठे?’ म्हणालं तर ‘लिफ्टचं काम आहे’ म्हणता यावं. आणि दुसरी गोष्ट सांगायला मलाच लाज वाटते. दारू सोडायच्या सभेला जायला धीर यावा म्हणून दुपारी त्यांनी थोडी घेतली. वर दोन वेलदोडे चघळले.

जुन्या वाचनालयाच्या इमारतीत पाऊल टाकलं न टाकलं तोच तिथला पहारेकरी धावत आला.

“आलात का एकदाचे! कधीचा फोन लावतोय तुमच्या कंपनीला! माणूस निघालाय, माणूस निघालाय, हेच ऐकतोय.”

“मी...” मिस्त्री म्हणाले.

“बाई अडकल्यात वर, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये. चला, चला.” पहारेकऱ्याने बॅग बघितली होती, त्याला आणखी काही ऐकायचं नव्हतं. कंपनीने धाडलेला खरा माणूस दुसऱ्याच एका इमारतीत जाऊन चालू लिफ्टशी झटापट करत होता, हे मागाहून कळलं.

खरं सांगायचं तर मिस्त्रींना आनंद झाला. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तशी गत. नुसती सबब हवी होती, इथे तर खरोखरचं काम निघालं! बाईंना काढायचं, ‘बराय’ म्हणायचं आणि घरी. सभेचं पुढच्या मंगळवारी बघू. दारू पिणाऱ्याचा पुढचा मंगळवार कधी येत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको.

जिना चढून वर गेले तर दहा-बारा माणसं पायऱ्यांवर ताटकळत बसलेली. एक उंच म्हातारे गृहस्थ, पाठ अशी ताठ की भिंतीला टेकायची गरज नाही, उठून पुढे आले. “मी ड्रिल मास्तर होतो शाळेत,” त्यांनी आपणहून सांगितलं. “सगळ्यांना एका बाजूला बसवलंय. जायला वाट मोकळी आहे.” तेवढ्यात लिफ्टच्या बंद दारामागून, खालच्या बाजूने, एक खणखणीत आवाज आला.

“मास्तर, कोण आलं?”

“लिफ्टवाले आलेत, मावशी!”

“त्यांना म्हणावं सावकाश होऊ द्या. खोलीची किल्ली माझ्याकडे, चहाचा थर्मास माझ्याकडे, बिस्किटंही माझ्याकडेच. मी इथे वर्षभर राहीन. हाल होणार ते तुमचे.”

पायऱ्यांवर हशा पिकला. मिस्त्रीही हसले. “तुम्ही सगळे कुठे निघाला होतात?” त्यांनी सहज विचारलं.

“सभेला,” मांडीवर पर्स घेऊन बसलेल्या एक बाई म्हणाल्या. दातांच्या डॉक्टर होत्या त्या, पण ते नंतर कळलं. “तिसऱ्या मजल्यावर. दारूवाल्यांच्या.”

मिस्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं. दारूवाले म्हणजे तांबारलेले डोळे आणि फाटका शर्ट, असं चित्र त्यांच्या मनात होतं. वास्तविक त्यांचा स्वतःचा शर्ट रोज इस्त्रीचा असे, पण स्वतःकडे बघतो कोण? इथे तर कुणी भाजीची पिशवी घेऊन आलेलं, कुणी ऑफिसातून परस्पर आलेलं. कुठल्याही लिफ्टमध्ये रोज भेटतात तशी माणसं होती. मिस्त्री आणखी काही न बोलता, मशीन रूमची किल्ली घेऊन तडक वर गेले.

काम साधं होतं. मेन स्विच बंद करायचा, तो त्यांनी केला, त्याला कुलूपही लावलं. मग ब्रेक हाताने सोडून चाक हळूहळू फिरवायचं आणि डबा मजल्याशी आणायचा. असं त्यांनी अक्षरशः हजारदा केलं होतं. ब्रेकच्या दांडीवर हात ठेवला. 

डोकं चालत होतं. डबा कुठे आहे, किती फिरवायचं, सगळं आपोआप सुचत होतं. दारूची हीच तर लबाडी आहे, डोकं चालतंय असं आत बसून तीच सांगत असते. कुणाला कळणार होतं? मावशी सुटतील, लोक वाहवा करतील, वर चहाही मिळेल. सवयीने मिस्त्रींच्या तोंडून निघून गेलं, “काही घेतलंय का?” मशीन रूममध्ये उत्तर द्यायला कुणी नव्हतं. त्यांच्या कानांत हेल्मेट सिमेंटला घासल्याचा तो आवाज आला, आणि त्यांनी दांडीवरचा हात असा काढला की जणू ती तापली होती.

ते खाली आले. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

“दुसरा माणूस लागेल,” मिस्त्री म्हणाले.

“मी आहे की!” ड्रिल मास्तर बाह्या सरसावत म्हणाले.

“नको. मिस्त्रीच लागेल.”

“मग तुम्ही कोण आहात?”

बरोबर प्रश्न होता. मिस्त्रींनी फोन काढला. कंपनीत लावला असता तर दुसरा कुणी आला असता, पण ‘तू का नाही काढत?’ हे त्यानेही विचारलंच असतं. आणि हे उत्तर आधी ज्याला द्यायला हवं तो एकच माणूस होता. त्यांनी मेहुण्याला फोन लावला.

“दाजी? काय झालं?” मेहुण्याचा आवाज पहिल्या शब्दापासून घाबरलेला.

“काही नाही, काही नाही. जुन्या वाचनालयाच्या इमारतीत लिफ्ट अडकलीय. आत एक बाई आहेत, ठणठणीत आहेत. मेन बंद केलाय. पुढचं तू येऊन कर.”

“तुम्ही तिथेच आहात ना? मग तुम्हीच का नाही करत?”

मिस्त्रींनी भिंतीकडे तोंड केलं, पण जिन्यात आवाज लपत नाही.

“मी घेतलीय,” ते म्हणाले. “दुपारी. म्हणून हात लावत नाही.”

मेहुणा म्हणाला, “येतो,” आणि फोन बंद झाला.

मिस्त्री भिंतीकडे तोंड करूनच उभे राहिले. आता कुजबुज सुरू होणार, कुणीतरी ‘शी!’ म्हणणार, पहारेकरी बखोट धरून खाली नेणार. तसं झालं असतं तरी त्यांची काही तक्रार नव्हती. झालं एवढंच की दातांच्या डॉक्टरांनी पर्स उचलून पलीकडे ठेवली आणि पायरीवर हात थोपटून म्हणाल्या, “बसा इथे.”

“काय झालं? गप्प का सगळे?” आतून मावशींनी विचारलं.

“ते म्हणतायत की त्यांनी घेतलीय, मावशी,” मास्तरांनी हजेरी दिल्यासारखं सांगितलं. “म्हणून स्वतः हात लावत नाहीत. दुसऱ्याला बोलावलंय.”

मावशी म्हणाल्या, “अगंबाई! म्हणजे मी चांगल्या माणसाच्या हाती लागले म्हणायची.” आणि लगेच सूर बदलून, “चला, सभेची वेळ टळून चाललीय. खोली नाही तर नाही. मास्तर, तुम्ही सुरू करा. आणि मोठ्याने बोला, मला खाली ऐकू आलं पाहिजे.”

अशी सभा मी तरी दुसरीकडे पाहिली नाही. अध्यक्षबाई लिफ्टमध्ये अडकलेल्या आणि सभासद जिन्यावर. मास्तरांनी शाळेतली गोष्ट सांगितली. चेंडूंच्या पेटीत ते बाटली ठेवायचे. क्रीडादिनाला पोरांची शर्यत होती, मास्तरांनी शिट्टी मारली आणि पोरांबरोबर स्वतःच धावत सुटले. “पालक हसले, पोरं हसली, मीही हसलो,” मास्तर म्हणाले. “मुख्याध्यापक तेवढे हसले नाहीत.”

“आणि नंबर कितवा आला ते सांगा!” लिफ्टमधून आवाज आला.

“शेवटचा, मावशी. दर वेळी काय विचारता!”

सगळे खो खो हसले. ही गोष्ट त्यांनी शंभरदा ऐकलेली असणार हे दिसतच होतं. मग हसता हसता मास्तरांचा आवाज खाली आला. त्या पोरांत त्यांची स्वतःची मुलगी होती, म्हणाले, आणि त्या दिवसानंतर कितीतरी दिवस ती बापाबरोबर शाळेत यायला तयार नव्हती. आता येते का, असं कुणी विचारलं नाही. ते आपणच म्हणाले, “आता नातीला माझ्याकडे सोडून जाते. बिनधास्त.”

दातांच्या डॉक्टर मिस्त्रींकडे थोड्या झुकल्या. “वेलदोडा ना? मला इथपर्यंत वास येतोय.”

मिस्त्री कानकोंडे झाले.

“मी लवंग खायचे,” त्या म्हणाल्या. “दातांच्या डॉक्टरच्या तोंडाला लवंगेचा वास आला तर कोण काय म्हणणार? पेशंट म्हणायचे, बाई किती स्वच्छ!” आणि त्या इतक्या मनापासून हसल्या की मिस्त्रींनाही हसू फुटलं. असलं हसू कित्येक महिन्यांत आलं नव्हतं. आणि मिस्त्रींच्या एकदम लक्षात आलं की आपण इथे कुणापासून काही लपवत नाही आहोत. लपवायला काही उरलंच नव्हतं. इतकं हलकं वाटेल हे त्यांना कुणी आधी सांगितलं असतं तर त्यांनी सगळ्या लिफ्टांमधले कागद जपून ठेवले असते.

खालून धाडधाड पावलं वाजली आणि ते हलकेपण कुठल्या कुठे पळालं. मेहुणा दोन-दोन पायऱ्या चढत आला. हेल्मेट हातात, चेहरा पांढराफटक. त्याने आधी मिस्त्रींना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, मग दाराकडे पाहिलं.

“कुणाला लागलं का?”

“कुणाला नाही,” मिस्त्री उभे राहिले. “मेनला कुलूप आहे, ही घे किल्ली. डबा तिसऱ्याच्या थोडा खाली आहे. ब्रेकला मी हात लावलेला नाही.”

“खरंच?”

“खरंच.”

मेहुण्याने किल्ली घेतली. काहीतरी बोलणार होता, पण आधी काम. “दारापाशी एक जण उभा लागेल, डबा मजल्याशी आला की हाक मारायला,” तो म्हणाला. दाजींनी घेतलेली, त्यांना ते काम सांगता येत नव्हतं. मग त्याची नजर ताठ उभ्या असलेल्या मास्तरांवर गेली. “काका, तुम्ही राहाल?” आणि जसं त्याला शिकवलं होतं तसं, अगदी गंभीर चेहऱ्याने त्याने विचारलं, “काही घेतलंय का?”

जिना हसून हसून कोसळायचा बाकी राहिला. कुणी पोट धरलं, कुणी डोळे पुसले, आणि लिफ्टमधून मावशींचा आवाज आला, “अरे, कुणाला विचारतोयस बाबा!” मेहुणा बिचारा लाल झाला. त्याला वाटलं आपली टिंगल चाललीय.

मास्तरांनी टाचा जुळवल्या आणि म्हणाले, “आज नाही.”

“आज नाही म्हणजे?”

“म्हणजे आज नाही. उद्याचं उद्या. इथे सगळ्यांचं असंच आहे. दारूवाल्यांची सभा आहे ही.”

मेहुण्याने त्या सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. भाजीची पिशवी पाहिली, पर्स पाहिली. मग मिस्त्रींकडे पाहिलं, आणि त्यांच्या खांद्याच्या बॅगेकडे. “तुम्हाला लिफ्टसाठी बोलावलं होतं ना, दाजी?”

आताही ‘हो’ म्हणता आलं असतं. पहारेकरी तर साक्षीला होताच.

“नाही,” मिस्त्री म्हणाले. “लिफ्टचं काम मध्येच निघालं. मी सभेला आलो होतो.”

मेहुणा पाठ फिरवून भराभरा वर निघून गेला, आणि वळणावर त्याने बाहीने तोंड पुसलं, ते मिस्त्रींनी पाहिलं.

वर ब्रेक कुरकुरला. डबा बोटाबोटाने सरकू लागला. “थोडं! अजून थोडं! थांब!” मास्तरांचा आवाज असा की रस्त्यावरची माणसंही थांबली असतील. दार उघडलं आणि मावशी बाहेर आल्या. एवढ्या आवाजाची बाई चणीने अगदी लहान होती, एका काखेत थर्मास, दुसऱ्या काखेत बिस्किटांचा डबा. जिन्यावर टाळ्या पडल्या. मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला.

मावशींनी खोली उघडली. खुर्च्या मांडल्या, खिडक्या उघडल्या. मेहुणा हात पुसत खाली आला आणि दारातूनच “येतो मी” म्हणायला लागला.

“वा रे वा,” मावशी म्हणाल्या. “मला बाहेर काढलंस आणि चहा न घेता जातोस? बस मागे.”

मावशींपुढे कुणाचं चालत नसावं. मेहुणा मागच्या खुर्चीवर अवघडून टेकला.

“आज कुणी नवीन आहे का?” मावशींनी विचारलं. त्यांना काय माहीत नव्हतं? पण रीत होती, विचारायचं. कुणीही मिस्त्रींकडे पाहिलं नाही. सगळे आपापल्या कपात बघत राहिले, आणि तेवढ्याने मिस्त्रींना उठायला बळ आलं.

ते उभे राहिले. रस्ताभर त्यांनी मनाशी बरंच काही जुळवलं होतं, कामाचा ताण, वाईट संगत, लागलेली सवय. त्यातलं काही तोंडात आलं नाही.

“मागे बसलाय तो माझा मेहुणा,” ते म्हणाले. “गेल्या आठवड्यात तो माझ्या हातून मेला असता. त्याने मला विचारलं होतं आणि मी खोटं सांगितलं. त्याने हे कुणालाही सांगितलं नाही. म्हणून मी सांगतोय. उद्या साहेबांनाही सांगणार आहे, म्हणणार आहे की मला यंत्रापासून लांब ठेवा आणि ह्याला चांगला जोडीदार द्या.” त्यांनी मान वर करून मेहुण्याकडे पाहिलं. “माझ्यावर भरवसा ठेव असं म्हणायला मला तोंड नाही.”

मागे खुर्ची वाजली. मेहुणा उभा राहिला होता. त्याच्या हातातला चहा बशीत सांडला होता आणि त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

“फोनवर तुमचं नाव बघितलं ना,” तो म्हणाला, “तेव्हा मला वाटलं, आता कुणीतरी गेलं.” त्याचा आवाज फुटला. “पण तुम्ही बोलावलंत, दाजी. आज मला बोलावलंत ना.”

मिस्त्री खाली बसले, आणि आणखी बोला असं कुणी म्हणालं नाही. मावशींनी थर्मास उचलला आणि त्यांच्या कपात आणखी थोडा चहा ओतला.